पिवळा रंग नेमकं काय मोजतो? एलमनची पद्धत आणि आपली ज्वारी

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण मागच्या रांगेत बसलेत, ते मी पाहिलंय. प्रथिनांमधले सल्फहायड्रिल गट मोजणं, हा विषय परीक्षेत दोन गुणांना येतो आणि मग आयुष्यातून निघून जातो. पण परभणीत तो बोलायला हवा. १९७६ पासून इथं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, आणि बाहेर शिवारात ज्वारी आणि सोयाबीन आहे. या दोन्ही धान्यांच्या प्रथिनांचं नशीब बऱ्याच अंशी गंधकाच्या अणूंवर ठरतं. शोधनिबंधात त्या गंधकाबद्दल जो तक्ता असतो तो कसा वाचायचा, आणि त्यावर किती विश्वास टाकायचा, एवढंच आज बोलणार आहे. मी याला समीक्षा म्हणतो. कवितेची समीक्षा होते, तशी पद्धतीचीही व्हायला हरकत नाही.

आधी थोडी पायाभरणी. प्रथिनांच्या साखळीत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते, तोच आपला एसएच गट. असे दोन गट जवळ आले आणि त्यांचे हायड्रोजन गेले की गंधकाला गंधक जोडला जातो. हा डायसल्फाइड बंध. जोडलेल्या जोडीला सिस्टाइन म्हणतात. मराठी पुस्तकांत या दोन्ही शब्दांची सरमिसळ सर्रास होते, त्यामुळं विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिल्याच पानावर गोंधळ होतो. आज आपण सुटा तो सिस्टीन, जोडीचा तो सिस्टाइन, असं धरून चालू.

सुटे किती आणि जोडलेले किती, हा प्रश्न जुना आहे. १९३० च्या दशकात मिर्स्की आणि ॲन्सन यांनी दाखवलं होतं की अंड्याचं पांढरं प्रथिन साधं असताना एसएच गट दाखवत नाही, पण ते विस्कटलं, म्हणजे उकळलं किंवा युरियात घातलं, की गट दिसू लागतात. ते नव्यानं तयार झालेले नसतात. आत दडलेले असतात, ते बाहेर येतात. हे निरीक्षण लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१९५९ साली जॉर्ज एलमन यांचा शोधनिबंध आला. शीर्षक ऊतींमधल्या सल्फहायड्रिल गटांबद्दलचं. त्यांनी एक नवं संयुग तयार केलं, त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू, सगळे त्याला डीटीएनबी म्हणतात. हे संयुग स्वतःच एक डायसल्फाइड आहे. प्रथिनाचा सुटा गंधक त्याच्यावर चाल करून जातो, संयुगाचा अर्धा भाग आपल्याकडं ओढून घेतो आणि उरलेला अर्धा द्रावणात सुटतो. हा सुटलेला अर्धा भाग पिवळा असतो. ४१२ नॅनोमीटरवर त्याचं शोषण वाचायचं. एका एसएच गटामागं एक पिवळा रेणू. काम झालं.

खरोखर सुंदर पद्धत आहे. पूर्वी या कामाला पाऱ्याची संयुगं वापरत. पॉल बॉयर यांची १९५४ची पद्धत तशीच होती. ती चालायची, पण अतिनील भागात वाचावं लागायचं आणि तिथं प्रथिन स्वतःही प्रकाश शोषतं. एलमन यांनी रंग डोळ्यांना दिसेल अशा भागात आणला आणि पाऱ्यापासून सुटका केली. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा हे होतं. याच पिवळ्या रंगावर एलमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कोलिनएस्टरेज मोजायची पद्धत बसवली. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसाच्या रक्तात हे विकर किती उरलंय ते पाहण्याची ती एक प्रचलित पद्धत आहे. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा वर्तमानपत्रांत कोलिनएस्टरेज हा शब्द आला होता. तेव्हा हा पिवळा रंग आपल्यापासून फार लांब नाही.

तर एलमन यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या नावावर पुढं जे खपवलं गेलं त्याबद्दल आहे.

अन्नविज्ञानातला कुठलाही प्रबंध उघडा. एसएच गटांचा तक्ता असेल तर पद्धतीच्या भागात एक सूत्र बहुधा सापडतंच. शोषण गुणिले ७३.५३, गुणिले विरलन, भागिले प्रथिनाची तीव्रता. उत्तर मायक्रोमोल प्रति ग्रॅम. हे सूत्र बेव्हरिज, टोमा आणि नाकाई यांच्या १९७४ च्या निबंधातून आलेलं आहे. आता हा ७३.५३ कुठून आला, असं विचारलं की शांतता पसरते. आकाशातून पडलेला नाही तो. दहा लाखांना १३,६०० नं भागा, ७३.५३ येतात. १३,६०० हा एलमन यांनी दिलेला पिवळ्या रेणूचा शोषण गुणांक.

पण तो गुणांक नंतर दुरुस्त झाला. रिडल्स, ब्लेकली आणि झर्नर यांनी १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये काटेकोर मोजणी करून दाखवलं की साध्या बफरमध्ये तो १४,१५० आहे, आणि ६ मोलर ग्वानिडीनमध्ये १३,७००. म्हणजे साध्या बफरसाठी सूत्रातला आकडा ७०.६७ हवा. फरक ४ टक्क्यांचा. कुणी म्हणेल, चार टक्क्यांनी काय बिघडतं? पुष्कळदा काहीच नाही. पण मग त्याच तक्त्यात दशांश चिन्हापुढं दोन आकडे कशाला देता? आणि गंमत अशी की प्रथिन विस्कटवणाऱ्या द्रावणात, निदान ग्वानिडीनमध्ये, जुना आकडा नव्या आकड्याच्या अगदी जवळ जातो. म्हणजे एकाच तक्त्यात एका रकान्याला ७३.५३ बऱ्यापैकी लागू पडतो आणि शेजारच्या रकान्याला पडत नाही. आकडा चुकीचा असण्यापेक्षा तो कुठून आला हे न विचारणं मला जास्त खटकतं. सूत्र हे पाढ्यासारखं पाठ होऊन बसलंय.

हा झाला किरकोळ मुद्दा. खरा मुद्दा शब्दांचा आहे.

तक्त्याच्या डोक्यावर कधी 'मुक्त एसएच' लिहिलेलं असतं, कधी 'उपलब्ध', कधी 'क्रियाशील', कधी 'एकूण'. पुष्कळदा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. आता इथं कृषी विद्यापीठाची माणसं बसली आहेत, त्यांना एक विचारतो. माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध स्फुरद' असं लिहिता ना? नुसतं 'स्फुरद' लिहीत नाही. कारण जमिनीत स्फुरद पुष्कळ असतो, पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ओल्सेनच्या पद्धतीनं, म्हणजे ८.५ पीएचच्या सोडियम बायकार्बोनेटनं, जेवढा निघतो तेवढ्यालाच आपण उपलब्ध म्हणतो. आम्लधर्मी जमिनीत ब्रेची पद्धत वापरली की वेगळा आकडा येतो. पद्धतीचं नाव काढून टाकलं तर आकड्याला अर्थ उरत नाही, हे माती परीक्षणवाल्यांना कुणी सांगावं लागत नाही. एसएच गटांच्या बाबतीत मात्र हीच शिस्त ढिली पडते.

अंड्याचं ओव्हाल्ब्युमिन घ्या. त्यात सहा सिस्टीन आहेत. दोन जोडलेले, चार सुटे. म्हणजे ग्रॅममागं साधारण ९० मायक्रोमोल मुक्त गट. पण साध्या बफरमध्ये डीटीएनबी घातलं तर जवळजवळ शून्य. चारही गट आत दडलेले. युरिया किंवा एसडीएस घाला, चारही दिसतात. मग याचे मुक्त गट किती, शून्य की ९०? मुक्त ९०, उपलब्ध शून्य. हे दोन शब्द एकच मानणाऱ्या तक्त्यात अंड्याचं काय होईल सांगा.

दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तसंच. पाच सिस्टीन, चारांच्या दोन जोड्या आणि एक सुटा, तोही आत. दूध तापत गेलं, ७० अंशांच्या आसपास आलं, की हा उघडा पडतो आणि शेजारच्या केसीनशी बंध जोडतो. उकळलेल्या दुधाचा जो ओळखीचा वास येतो तो याच गंधकाच्या उलाढालीचा. बाजारात मिळणाऱ्या गोवंशीय सिरम अल्ब्युमिनमध्ये सिद्धांतानं रेणूमागं एक सुटा गट आहे, प्रत्यक्षात मोजलं तर एकापेक्षा कमीच येतो, कारण साठवणीत काही रेणूंच्या गंधकावर आधीच दुसरं काही चिकटलेलं असतं. ही तीन प्रथिनं कुठल्याही प्रयोगशाळेनं आधी मोजून पाहावीत, मग आपला नमुना हातात घ्यावा. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवायचं, एवढी साधी गोष्ट.

आता क्रियाशीलता. क्रियाशील म्हणजे किती वेगानं क्रिया करतो. वेग. तो एका आकड्यात कसा मावेल? आपण काय करतो, डीटीएनबी घालतो, पंधरा मिनिटं थांबतो, एक वाचन घेतो. पहिल्या मिनिटात रंग आला की चौदाव्या, कळत नाही. दर अर्ध्या मिनिटाला वाचन घेऊन आलेख काढला तर लगेच दिसतं: काही गट झटकन संपतात, काही सावकाश कुरकुरत येतात. तो आलेख म्हणजे क्रियाशीलता. यंत्र तेच, रसायन तेच, फक्त समोर बसून राहायला हवं. (हशा)

शिवाय क्रिया करतो तो एसएच गट नव्हे, त्यातला हायड्रोजन गेल्यावर उरणारा ऋणभारित गंधक. साध्या सिस्टीनचा पीकेए ८.३ च्या आसपास. म्हणजे पीएच ८ ला तिनातला एक गट तयार असतो, ७ ला शंभरात पाच, ६ ला दोनशेत एक. परीक्षानळीत आपण पीएच ८ ठेवतो, कारण तिथं रंग पटकन येतो. पण भाकरीचं पीठ भिजवल्यावर त्याचा पीएच काही ८ नसतो, सहाच्या आसपास असतो. त्यातून प्रथिनात शेजारी धनभार असेल तर पीकेए खाली येतो, ऋणभार असेल तर वर जातो. आणि डीटीएनबी स्वतः दोन ऋणभार घेऊन फिरतं, त्यामुळं ऋणभारित कोपऱ्यात आणि तेलकट गाभ्यात ते जायलाच कचरतं. छोटं, भाररहित डायथायोडायपिरिडीन वापरलं तर वेगळंच चित्र दिसू शकतं. थोडक्यात, तक्त्यात दिसते ती प्रथिनाची डीटीएनबीशी, पीएच ८ ला, त्या तापमानाला असलेली क्रियाशीलता. प्रथिनाचा तो जन्मजात स्वभाव नव्हे.

आता ज्वारीकडं येतो. परभणीत बसून ज्वारीबद्दल न बोलणं बरं दिसणार नाही. परभणी मोती इथली, परभणी शक्ती इथली. परभणी शक्तीमध्ये लोह आणि जस्त वाढवलंय, ते चांगलंच काम आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून पाकिटांवर प्रथिनांचे आकडे मोठ्या टायपात आले. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रथिन, बरोबर आहे. पण तो आकडा नत्र मोजून त्याला गुणून काढलेला असतो. त्यातलं पोटात किती विरघळतं, ते पाकीट सांगत नाही.

१९८१ मध्ये मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी पेरूमधल्या लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिजवलेल्या अख्ख्या ज्वारीतलं नत्र मुलांच्या शरीरात शोषलं गेलं ते ४६ टक्के. आकडा धक्कादायक होता, आणि ज्वारीविरुद्ध तो पुष्कळ फिरवला गेला. नंतर त्याच गटानं कोंडा काढून आणि एक्सट्रूडरमधून काढून पाहिलं तर शोषण खूपच सुधारलं. म्हणजे दोष धान्यापेक्षा शिजवण्याच्या रीतीत जास्त होता. मग १९८७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या हॅमेकर, किर्लीस, बटलर, ॲक्सटेल आणि मर्ट्झ यांचा निबंध आला. ज्वारी शिजवताना मर्कॅप्टोइथेनॉलसारखा क्षपणक घातला, म्हणजे गंधक-गंधक बंध होऊ दिले नाहीत, तर पेप्सिननं होणारं पचन ठळक वाढलं.

या निबंधाचं मला कौतुक अशासाठी आहे की त्यांनी नुसते गट मोजत बसण्याऐवजी बंध मोडून काय होतं ते पाहिलं. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ते गोळ्यांच्या रूपात साठवलेलं असतं. आतला भाग अल्फा काफिरिनचा, पचायला सोपा. बाहेरची साल बीटा आणि गॅमाची, त्यांच्यात सिस्टीन भरपूर. पाणी घालून शिजवलं की ही साल बंधांनी आवळली जाते आणि आतलं विकरांच्या हाती लागत नाही. जात्यावरचं पीठ असो की गिरणीतलं, आधण ओतून उकड काढली, तव्यावर भाकरी टाकली, की हेच घडतं.

आणि आता गंमत पाहा. नेहमीच्या एलमन पद्धतीनं हे मोजायचं तर प्रथिन द्रावणात आलं पाहिजे. काफिरिन पाण्यात येत नाही, युरियाच्या बफरमध्येही पुरतं येत नाही. त्याला अल्कोहोल लागतं, आणि बंधानं जोडलेल्या भागासाठी सोबत क्षपणक लागतो. क्षपणक घातला की बंध तुटले, आणि मर्कॅप्टोइथेनॉल हा स्वतःच थायॉल असल्यामुळं तो डीटीएनबीला आधी पिवळं करून टाकतो. क्षपणक धुऊन टाकायला ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लानं प्रथिन साकळवायचं, तर काफिरिन पुन्हा विरघळायला कुरकुरतं. म्हणून नमुना सेंट्रिफ्यूज होतो, साका टाकून दिला जातो आणि वरच्या नितळ द्रावणाचं वाचन घेतलं जातं. ज्या प्रथिनाबद्दल प्रश्न होता ते साक्यात गेलं. क्युव्हेटमध्ये आलं ते अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन. मग त्या वाचनाला कशानं भागायचं? पिठातल्या एकूण प्रथिनानं भागलं तर आकडा खोटा कमी, विरघळलेल्या प्रथिनानं भागलं तर तो भलत्याच प्रथिनाचा. 'भाजल्यावर मुक्त एसएच घटले' असं वाक्य त्या तक्त्याखाली येतं तेव्हा विचारायचं: घटले, की विरघळायचे थांबले?

यावर उपाय माहीतच नाही असं नाही. चॅन आणि वॉसरमन यांनी १९९३ मध्ये धान्यांच्या प्रथिनांसाठीच पद्धत दिली: पीठ न गाळता, गढूळ द्रावणातच अभिकारकाशी क्रिया होऊ द्यायची आणि शेवटी सुटलेला पिवळा रंग तेवढा वाचायचा. रंग तर पाण्यात येतोच, प्रथिन नाही आलं तरी चालतं. डायसल्फाइडसाठी थानहाउसर, कोनिशी आणि शेरागा यांचं १९८४ चं एनटीएसबी अभिकारक त्याच कामाला येतं. ते घरी तयार करावं लागतं, उजेडापासून सांभाळावं लागतं, थोडा उपद्व्याप आहे. पण ज्वारीवर काम करायचं आणि हा उपद्व्याप टाळायचा, हे मला पटत नाही. सोया दूध, अंडं, दूध यांच्यासाठी नेहमीची पद्धत ठीक चालते. ज्वारीसाठी ती उसनी आणलेली आहे, अंगाला बसत नाही.

सोयाबीनचं एक वाक्यात सांगतो. तापवल्यावर एसएच गट बदलले म्हणून ट्रिप्सिन रोधक नष्ट झाले, असा निष्कर्ष काढू नये. कुनिट्झ रोधकात दोन डायसल्फाइड बंध, बोमन-बर्कमध्ये सात, आणि सुटा गट दोघांतही नाही. रोधक गेला का हे ट्रिप्सिनच सांगेल, एलमन नाही.

प्रत्येक निबंधात ब्लँक दोन हवेत, प्रथिनाविना अभिकारक आणि अभिकारकाविना प्रथिन, कारण पिठाचा गढूळपणाही ४१२ ला शोषण म्हणून दिसतो. ईडीटीए हवं, नाहीतर तांब्याचा अंशही गट खाऊन टाकतो. हे सगळं पुस्तकांत आहे, मी त्यावर वेळ घालवत नाही.

श्रोत्यांमधून एका शिक्षिकेनं विचारलं: मग भाकरी खाऊ नये असं म्हणायचंय का?

नाही, अजिबात नाही. भाकरी आपण कोरडी खात नाही. सोबत पिठलं असतं, वरण असतं, ताक असतं. पेरूतल्या मुलांचा आकडा त्या मुलांचा आणि त्या लापशीचा. शिवाय पचनीयता फक्त गंधकावर ठरत नाही. दुओदू, टेलर, बेल्टन आणि हॅमेकर यांनी २००३ मध्ये याचा आढावा घेतलाय, त्यात पेशीभित्तिका, फायटेट, टॅनिन हे सगळे येतात. आपल्या रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिनचा त्रास फारसा नाही. आंबवल्यानं ज्वारीचं पचन सुधारतं असं सुदानी पदार्थांवरच्या अभ्यासांत दिसलंय, आणि आंबील तर आपल्याकडंही आहे. आणखी एक. ओरिया, हॅमेकर आणि शल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दाणा पक्व होऊन वाळत जातो तसे काफिरिनचे बंध वाढतात आणि पचन उतरतं, कोवळा दाणा जास्त पचतो. म्हणजे हुरडा. पण हुरडा आपण आगटीत भाजतो, आणि त्या भाजण्यात बंधांचं काय होतं, ते साका न टाकता, पद्धतीचं नाव रकान्यावर लिहून मोजायला हवं. जानेवारीत इथं नमुने फुकट मिळतात.